राजवाड्यासमोर दुपारचे साडेबारा

इंदूरच्या खाण्यावर आजवर जे काही लिहिलं गेलं, बोललं गेलं, कॅमेऱ्यासमोर खाऊन दाखवलं गेलं, ते सगळं एकत्र केलं तर त्यातून दिवसाच्या दोनच वेळा हाती लागतात. सकाळी सात ते दहा आणि रात्री नऊच्या पुढे. सकाळचे पोहे-जलेबी आणि रात्रीचा सराफा. मधल्या वेळात हे शहर उपाशी असतं की काय, असं परक्या माणसाला वाटावं. मी लग्न होऊन इथं आले त्याला तीस वर्षं होत आली, आणि खरं सांगते, वन्सं येईपर्यंत मलाही हे कधी खटकलं नव्हतं. घरी राहणाऱ्या बाईला दुपारचं जेवण शोधावं लागत नाही. ते तिच्याच हातचं असतं.

वन्सं निपाणीहून आल्या, बरोबर त्यांची जाऊ. बावनगजा, ऊन, सिद्धवरकूट अशी यात्रा करून शेवटचा एक दिवस इंदूरसाठी ठेवलेला. वन्सं काही प्रतिमाधारी नव्हेत, बाहेरचं जेवतात. पण दिवस मावळल्यावर काही नाही, कंदमूळ नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही आणि एकाशन. तो दिवस नेमका चतुर्दशीचा. सकाळी काच मंदिर पाहिलं. सर सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं हे मंदिर, भिंती, खांब, छत, जमीन, जिकडे पाहावं तिकडे काच. वन्सं आरशातल्या शेकडो वन्संना बघून लहान मुलीसारख्या हसल्या. मग राजवाडा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या आगीत आतलं किती गेलं ते मी सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. साडेबारा वाजले होते. एकाशनाच्या माणसाला दिवसातून एकदाच भूक भागवायची असते, आणि ती वेळ आली होती.

मी त्यांना पोह्यांच्या ठेल्याशी नेलं. भांड्याच्या वाफेवर उरलेले शेवटचे पोहे, वर कांदा, कोथिंबीर, शेव, जिरावन. 20-30 रुपयांत प्लेट, दोन मिनिटांत हातात. याहून झटपट आणि स्वस्त काय असणार? वन्संनी प्लेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उभ्यानं खायचं व्हय गं? माझं एकाशन हाय की आज." एकाशन म्हणजे एका आसनावर, एका बैठकीत. हे मला शिकवायला नको होतं, पण इंदूरच्या कौतुकात मी विसरले होते. कोथिंबीर हिरवी, हे तर नंतर लक्षात आलं.

तिथून जे भटकणं झालं त्यावरून मला हा लेख सुचला. पुढं जाण्याआधी एक कबूल करते, नाहीतर अन्याय होईल. छप्पन दुकानला दुपारीही खायला मिळतं, बसायलाही जागा आहे. पण ते पलासियाला, राजवाड्यापासून तीनएक किलोमीटर. सरवटे बसस्टँडच्या आसपास भोजनालयं आहेत, स्वस्त आहेत. तिथंही रिक्षा करूनच जावं लागतं. माझा प्रश्न राजवाड्यापुरता आहे. कारण बाहेरचा माणूस उभा असतो तो तिथंच, आणि बहुधा दुपारीच.

हे दुपारचं गणित जरा बघा. 2022 च्या ऑक्टोबरात उज्जैनला महाकाल लोक झाल्यापासून इकडे येणाऱ्या बसगाड्यांची गर्दी किती वाढली ते आपण पाहतोच. नाशिक, जळगाव, संभाजीनगरकडच्या कितीतरी बायका महाकाल, ओंकारेश्वर करून इंदूरला अर्धा दिवस थांबतात. त्या अर्ध्या दिवसात राजवाडा, खजराना, जमलं तर लालबाग. संध्याकाळी परत बस. त्यांच्या वाट्याला येतं ते दुपारचं इंदूर. आणि खाण्याच्या याद्या त्यांना सांगतात काय, तर रात्री दहाला सराफ्यात या! ही यादी कुणासाठी लिहिलेली असते? मोकळ्या, तरण्या, हॉटेलात मुक्काम केलेल्या, रात्री बाराला रस्त्यावर फिरू शकणाऱ्या माणसासाठी. चूक काही नाही त्यात. पण मग "इंदूरचं खाणं" असं मोठं नाव कशाला द्यायचं? "इंदूरची रात्र" म्हणा.

सराफ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या लोकांचाही त्यात हात आहे. दिवसा तिथं सोन्या-चांदीच्या पेढ्या, त्यातल्या कितीतरी जैनांच्या. रात्री आठ-साडेआठला दुकानांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढं खाण्याचे ठेले मांडले जातात. ठेल्यांमुळे रात्री बाजारात जाग राहते, पेढ्यांना राखण होते, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. म्हणजे दुकान जैनाचं, पायरी जैनाची, आणि त्या पायरीवर जे मांडलं जातं ते मालकाच्या आईला चालणार नाही अशा वेळेला. आणि वेळ बाजूला ठेवली तरी पदार्थ बघा. गराडू हा कंद, तळून वर मसाला टाकून देतात. हिवाळ्यात अख्खं इंदूर त्याच्यामागे वेडं. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा. दहीवडा म्हणजे द्विदल, कच्चं दही आणि डाळ एकत्र. दहीवडेवाले जोशी दोना हवेत उंच उडवून झेलतात, ते बघायला पैसे पडत नाहीत, तेवढं आपण बघावं. राहता राहिला भुट्ट्याचा कीस. दुधात शिजवलेलं किसलेलं कोवळं मक्याचं कणीस, मऊ, किंचित गोड. तो मला मनापासून आवडतो आणि माझ्या मते सराफ्यातला सगळ्यात घरगुती पदार्थ तोच. पण तो ठेल्यावर मिळतो तेव्हा वन्संना जेवून पाच तास झालेले असतात. मी स्वतः रात्रीचं सोडलेलं नाही, खोटं कशाला बोलू. तरी एवढं म्हणेन की ज्या बाजाराला आपण पाहुण्यांपुढं मिरवतो, तो आपल्या घरातल्या निम्म्या माणसांसाठी बंद आहे.

यावर कुणी म्हणेल, आता सगळीकडे "जैन" मिळतं की. मिळतं. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन चायनीज. या शब्दाचं काय झालंय ते एकदा नीट पाहायला हवं. मेन्यूवरचा "जैन" म्हणजे कांदा, लसूण, बटाटा काढून टाकलेला पदार्थ. बटाट्याच्या जागी कच्चं केळं. बस. आपल्या घरात जेवण ज्या गोष्टींनी ठरतं, म्हणजे पाणी गाळलेलं आहे का, ताजं आहे का, ऊन आहे तोवर होईल का, ताटावर बसून जेवता येईल का, यातलं काही त्या शब्दात उरलेलं नाही. रात्री अकराला "जैन" बर्गर मागणारी आपलीच मुलं असतात, त्यामुळे हॉटेलवाल्याला तरी काय बोलणार? आपणच त्याला शिकवलं की आमचा धर्म म्हणजे तीन भाज्या.

तर आम्ही तिघी एका गल्लीत, अरुंद जिन्यानं वर, एका भोजनालयात पोचलो. नाव लिहीत नाही, कारण आधी तक्रार आहे. गल्ल्यावरचा म्हणाला, जैन थाळी 30 रुपये जास्त. साधी थाळी दीडशेच्या आत होती. वन्सं म्हणाल्या, "काढून घ्यायचं आणि वर पैसे?" मला त्यांचं म्हणणं पटलं, पण दुसरी बाजूही खरी आहे. वेगळी कढई, वेगळा तडका, वेगळा डाव, त्याला हात लागतात. तेवढ्यासाठी 30 रुपये द्यायला माझी हरकत नाही. हरकत कशाला, तर दोन्ही डाळींच्या पातेल्यांत एकच डाव फिरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. वन्संच्या ते दृष्टीस पडू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले, मग आत जाऊन सांगितलं. पोरानं काही न बोलता डाव बदलला, पातेल्यातली डाळही नवीन केली. दहा मिनिटं गेली.

ताटात आले बाफले. माळव्यातली ही गोष्ट बाहेरच्यांना बाटीची बहीण वाटते, पण बाटी सरळ भाजतात आणि बाफला आधी उकळून मग भाजतात. त्यामुळे वरून खरपूस, आत मऊ, म्हाताऱ्या दातांना सोसणारा. तुपात बुडवायचा, कुस्करायचा, वर डाळ. शेवटी चुरम्याचा लाडू. आता चतुर्दशीच्या नजरेनं हे ताट बघा. गहू, तूरडाळ, तूप, गूळ. हिरवं काही नाही. डाळीत लसूण नसला की यात काढून टाकण्यासारखं काहीच नाही. कढी आली ती वन्संनी परत केली, ताक आणि बेसन, पुन्हा द्विदल. बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणीही परत. उरलं ते कमी केलेलं ताट वाटत नव्हतं. पूर्ण जेवण होतं. तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं की माळव्याचं रविवारचं जेवण हे आपल्या पर्वतिथीचं जेवण आहे.

दोष आहेत. जड फार. दोन बाफले खाल्ले की लालबाग बघणं संपलं, माणूस झोपेला येतो. थाळीत भरपूर वाढायची यांना हौस, "और लो, और लो." पर्यटक बाईला एक बाफला, वाटीभर डाळ आणि अर्धा लाडू एवढंच पुरे, त्याचं अर्ध्या किमतीचं ताट कुणी का करत नाही, कोण जाणे. बाकीच्या तिथींना मी सेव-टमाटर सुचवीन. टोमॅटो परतून त्यात जाड शेव, पाच मिनिटांत भाजी, दोन पोळ्यांबरोबर पोट भरतं आणि डोळे उघडे राहतात. कांदा-लसूण घालू नका म्हटलं तरी तिची चव कमी होत नाही. इतकी सोपी, स्वस्त, इथलीच भाजी, पण कुणाच्या यादीत नाही. ती दिसायला साधी, लाल रस्सा आणि विरघळलेली शेव. फोटो चांगला येत नसावा.

जेवणाइतकंच महत्त्वाचं दुसरं काही तिथं मिळालं. पंखा, बाक, हात धुवायला बेसिन आणि मागच्या बाजूला कडी लागणारं स्वच्छतागृह. स्वच्छतेत हे शहर 2017 पासून पहिल्या नंबरावर, आणि रस्ते खरोखर स्वच्छ आहेत, वन्संनीही चार वेळा म्हटलं. पण खाण्यावर लिहिणारा एकही माणूस ही कडी बघून येत नाही. साठीच्या बाईला विचारा, ती आधी तेच विचारते. पोटभर पाणी प्यायचं की नाही हे तिचं त्यावर ठरतं.

एक प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. बावनगजाला, सिद्धवरकूटला यांनी दुपारचं जेवण भोजनशाळेत घेतलं, पंगतीत बसून, कुणाला काही समजावून न सांगता. तिथं डोंगर, आडरान, आणि जेवण सोपं. इथं खाण्याचं म्हणून नावाजलेलं शहर, आणि गल्ल्या हिंडायची पाळी. राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. त्यांनी देशभर तीर्थांच्या ठिकाणी अन्नछत्रं घातली. त्यांच्या पुढ्यात उभं राहून "आता जेवायचं कुठं?" म्हणताना मला ओशाळल्यासारखं झालं. आपले लोक क्षेत्रावर भोजनशाळेला हात सैल सोडून देणगी देतात, पाटीवर नाव लागतं. बाजारातल्या एका खोलीत रोज अकरा ते दोन डाळ-पोळीचं ताट, पैसे घेऊनच, पण बसून, पाणी गाळून, हे करायला कुणी पुढे येत नाही. खोल्या तर आपल्याच आहेत तिथं.

वन्सं पुढच्या माघात त्यांच्या महिला मंडळाच्या बावीस बायकांना घेऊन यायचं म्हणतात. मी परवा त्याच भोजनालयात जाऊन आले. म्हटलं, बावीस ताटं, लसूण नको, पातेलं वेगळं, डाव वेगळा, साडेबाराला. गल्ल्यावरच्यानं वहीत लिहून घेतलं. एक दिवस आधी फोन करा, म्हणाला, एवढे लोक असतील तर वेगळं वेगळं काय, सगळ्यांचीच डाळ बिना लसणाची टाकू, 30 रुपये लागणार नाहीत. मी जिना उतरायला लागले तर वरून हाक, "बेहेनजी, उस दिन चौदस तो नहीं है ना? नहीं तो सेव-टमाटर भी रखता हूँ."

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. त्रयोदशी आहे.