आर्केडमधील नेमबाजीचे खेळ आणि विरामाचे मोल

नेमबाजीच्या आर्केड खेळांत थरार कशाने उत्पन्न होतो, या प्रश्नास बहुधा पडद्यावरील गर्दीकडे बोट दाखवून उत्तर दिले जाते. शत्रू जितके अधिक तितका खेळ रंजक, असा हा समज होय. तायतो कंपनीचा ‘ऑपरेशन वुल्फ’ (१९८७) पाहिला तरी तो डळमळतो. तेथे गर्दीला तोटा नाही; परंतु गोळ्या मोजक्या आहेत, आणि पडद्यावर दिसणारा साठा गोळी घालूनच मिळवावयाचा आहे. त्यामुळे चाप न दाबण्यालाही मोल येते. बोलण्यातील विरामास अर्थ असतो तो तेथे काही बोलता आले असते म्हणून. या खेळांतील थरारही तशाच, गोळी न झाडण्याच्या क्षणातून निर्माण होतो.

सेगाच्या ‘व्हर्चुआ कॉप’मध्ये (१९९४) प्रत्येक शत्रूभोवती एक वर्तुळ उमटते आणि ते हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे तांबडे होत जाते. तो गोळी केव्हा झाडणार हे खेळाडूस डोळ्यांनी वाचता येते. बंदुकीत गोळ्या सहाच. त्या संपल्या की पडद्याबाहेर नेम धरून चाप ओढावयाचा. आधी कोणास टिपावे, शत्रूच्या हातावरच नेम धरून जादा गुण मिळविण्याचे धाडस करावे काय, मध्येच गोळ्या भरून घ्याव्यात काय, असे निर्णय अर्ध्या निमिषात घ्यावे लागतात.

याहून पुढे गेला तो नामकोचा ‘टाइम क्रायसिस’. त्यात पायाखाली एक पेडल आहे. ते दाबले की नायक आडोशाबाहेर येतो. सोडले की तो लपतो आणि बंदूक भरली जाते. लपलेल्यास गोळी लागत नाही, परंतु घड्याळ थांबत नाही, आणि ते शून्यावर आले की कितीही जीव शिल्लक असले तरी खेळ समाप्त होतो. सुरक्षिततेचीच किंमत मोजावयास लावणारी ही योजना या प्रकारातील सर्वांत समर्थ कल्पना म्हणावी लागेल. दुसऱ्या भागात वेळ सरल्यावर केवळ एक जीव जातो. ही सवलत दयाळू खरी, पण तिने घड्याळाचा धाक बराच उणावला.

याउलट ‘मॅड डॉग मॅक्री’ (१९९०) हा अमेरिकन खेळ घ्यावा. लेसर तबकडीवर चित्रित केलेले खरेखुरे नट त्यात वावरतात. चित्राच्या वास्तवतेत बहुभुजांनी रचलेला ‘व्हर्चुआ कॉप’ त्याच्या जवळपासही येत नाही. तरीही तो लवकर कंटाळवाणा होतो. ठरलेल्या खिडकीतून ठरलेला माणूस डोकावतो. क्षणात टिपला तर पुढे जावयाचे, नाही तर स्वतःच्या मरणाचा तुकडा पाहावयाचा. यावर कोणी म्हणेल की, ‘टाइम क्रायसिस’मधील सैनिकही ठरलेल्या जागीच येतात. आक्षेप रास्त आहे. मात्र दोष पाठांतराचा नव्हे. एकीकडे पाठ केलेल्या ज्ञानातून बाहेर केव्हा पडावे, कोणत्या क्रमाने टिपावे, याची नवी रचना करता येते. दुसरीकडे एकच बरोबर उत्तर परत म्हणावयाचे असते. पाठ केलेले वाक्य आणि अवगत भाषा यांतील भेद तो हाच.

अर्थात खेळ लवकर संपण्यात यंत्राच्या मालकाचाही लाभ असतोच. ‘टाइम क्रायसिस’चे घड्याळ मालकाची तिजोरी भरते आणि खेळाडूची उत्कंठाही वाढविते, ‘मॅक्री’तील अचानक मरण केवळ पहिले काम करते. नाण्यामागून नाणे टाकून शेवट गाठणाऱ्यास मात्र दोन्ही खेळ सारखेच नीरस वाटणार, कारण त्याचे घड्याळ त्याने विकत घेतलेले असते.

‘टाइम क्रायसिस’ १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर घरी आला. त्याबरोबर आलेल्या बंदुकीने नेम उत्तम साधे, परंतु लपण्याचे काम पायाकडून बोटाकडे, बंदुकीवरील एका कळीकडे आले. नियम तेच राहिले, घड्याळ तसेच धावत राहिले. अंग आखडून मागे सरण्याची ती क्रिया मात्र उरली नाही.