‘मास्टर ऑफ ओरायन’मधील तारकानामे
‘मास्टर ऑफ ओरायन’ (१९९३) या डावपेचाच्या संगणक-खेळात ‘ओरायन’ हे एका ताऱ्याचे नाव आहे. वस्तुतः ओरायन, म्हणजे आपले मृग, हा तारा नव्हे, तारकासमूह होय; आणि तो समूह पृथ्वीवरून पाहणाऱ्यापुरताच खरा. त्यातील बेलॅट्रिक्स सुमारे २५०, तर राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षे दूर आहे. खेळातील दहा वंशांपैकी नऊ मानवेतर. त्यांनीही हे पृथ्वीसापेक्ष नाव निमूटपणे स्वीकारावे, हे पटत नाही. १९९६ च्या दुसऱ्या भागात ताऱ्याच्या नावापुढे रोमन अंक जोडून ग्रहांची नावे सिद्ध होतात. ही पद्धत रुक्ष खरी, पण निःपक्षपाती आहे (अंक रोमचे, हे क्षणभर विसरावे). स्वगृहाचे नाव मात्र खेळाडूच ठेवतो. तेवढेच काय ते नाव तेथील रहिवाशांचे ठरते.