पातळ, पण पाणीदार

बर्गंडीची पिनो न्वार पेल्यात पडली, की पहिला संशय येतो तो यजमानाच्या दानतीचा. तांबडी म्हणावी, तर पलीकडचा माणूस नाकाडोळ्यांसकट दिसतो! पण दोष यजमानाचा नाही. या द्राक्षाची सालच पातळ. म्हणून रंग बेताचा आणि तोंड आवळणारा तुरटपणाही बेताचा. त्यात तिकडची हवा थंड. फळ सावकाश पिकतं आणि आंबटपणा सोडत नाही.

१३९५ साली बर्गंडीच्या ड्यूक फिलिपनं भरघोस पिकणारं गामे द्राक्ष उपटून टाकायचा हुकूम सोडला आणि पिनोचा कैवार घेतला. पिकापेक्षा चवीची बाजू घेणारा राज्यकर्ता पुन्हा कुठे भेटायचा!

नुसतीच प्यायलात तर ही वाइन अबोल वाटते. जाणकार तिच्यात चेरी, अळंबी, ओली माती असं काय काय हुंगतात. मी चेरीपाशी थांबतो. पण शेजारी 'कॉक ओ व्हँ' येऊ द्या, म्हणजे लाल वाइनमध्ये मंद आचेवर शिजलेली कोंबडी. वाइन जराशी गार, पंधरा अंशांच्या आसपास. एक घास, एक घोट. जिभेवरचा ओशटपणा धुऊन निघतो आणि दहावा घासही पहिल्यासारखा लागतो. आपल्याकडे हेच काम सोलकढी करते, फक्त इतके पैसे घेत नाही.

गडद, दणकट वाइन पहिल्या घोटाला सभा जिंकते, पण मग कोंबडीला बोलूच देत नाही. पिनो दुसऱ्याचं ऐकून घेते. जेवायला शेजारी माणूस काय, वाइन काय, अशीच असावी.