'इमान' या शब्दाची वाट

आमच्या उर्दू शाळेत सातवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. धड्यात 'इमान' हा शब्द आला. आम्ही अर्थ विचारला. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, अल्लाहवरचा यकीन." मागे बसलेला, घोडेगावकडचा मुलगा म्हणाला, "सर, आमचा कुत्रा लई इमानी आहे." वर्ग खळखळून हसला. आम्हीही हसलो, पण ही दोन उत्तरे डोक्यातून जाईनात. शब्द एकच, मग मुलांना ते दोन का वाटावेत?

अरबीत अलिफ, मीम, नून या तीन अक्षरांच्या मुळातून एक मोठे कुटुंब निघाले आहे. अम्न म्हणजे निर्भयता, शांतता. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. अमीन म्हणजे ती सांभाळणारा. ईमान हे त्यांचेच भावंड. हजरत मुहम्मद (स.) यांना नबुव्वत मिळण्यापूर्वीच मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणजे लोकांनी आधी त्यांचा व्यवहार पारखला होता. या मुळातच श्रद्धा आणि सचोटी शेजारी नांदतात.

मराठीत हा शब्द आला तो राज्यकारभार आणि रोजचा शेजार या दोन्ही वाटांनी. १४९० साली मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती आमच्या जुन्नरात. दप्तराची भाषा फारसी, आणि जुन्नरचा नावाजलेला हातकागद करणारे कागदी मुसलमान. त्या कागदांवरून अस्सल, नक्कल, इतबार असे शब्द गावात उतरले आणि गावाने ते आपलेसे केले. 'इमानेइतबारे' हा शब्द पाहा. इमान अरबी, इतबार अरबी, पण दोघांच्या अंगावरचा 'ए' हा प्रत्यय शुद्ध मराठी तृतीयेचा. निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते ती 'अनामत'सुद्धा आपली अमानतच आहे, फक्त 'म' आणि 'न' यांनी जागा बदलल्या.

असे शब्द काढून टाकण्याचे प्रयत्नही झाले. शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या शिवछत्रपतींच्या काळात दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रचला गेला. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे आणि मराठीत गझल रुजवणारे माधव जूलियन पुढे त्याच चळवळीचे पुरस्कर्ते झाले, १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. तरीही इमान राहिले. कारण 'प्रामाणिक' हा चांगला शब्द असला तरी त्याच्या पोटात 'प्रमाण' आहे, म्हणजे पुरावा आहे. हिंदीत तर आजही प्रामाणिक म्हणजे अधिकृत, पुराव्याने सिद्ध. इमानाच्या पोटात पुरावा नाही, भरवसा आहे. शेतकरी बैलाला 'प्रामाणिक' म्हणत नाही, 'इमानी' म्हणतो.

आता आमची तक्रार, आणि ती आपल्याच लेखकांविषयी आहे. आपल्या मराठी कथांतला मुसलमान नायक ईमानाची गोष्ट करतो ती मशिदीत. शेताच्या बांधावर, आडतीच्या काट्यापाशी, ग्रामपंचायतीत इमान दाखवायचे असते तेव्हा लेखक ते शेजारच्या पाटलाकडे देतो. आम्हाला हे पटत नाही. यात दुहेरी नुकसान आहे. एकीकडे नमाज चुकवत नाही पण माप मारतो, असा माणूस आपल्या कथेत ईमानवाला म्हणून सुटून जातो. दुसरीकडे, आपल्या इमानाचा पुरावा वारंवार मागितला जातो त्या काळात, या मातीत इमानाचा अर्थच भरवसा आहे, हे ठणकावून सांगण्याची जागा आपण स्वतःच रिकामी सोडतो. हा शब्द मराठीला आपल्या पूर्वजांच्या तोंडून मिळाला. त्याचा मराठी अर्थ परका समजणे म्हणजे स्वतःची अमानत नाकारणे होय.

उर्दू आणि मराठी अशा दोन भाषांत वाढणाऱ्या लेखकाला हे इतरांपेक्षा सोपे असायला हवे. उर्दूतही आपण ईमानदार, बेईमान हे शब्द व्यवहारासाठीच वापरतो. मग मराठीत लिहिताना तोच शब्द दोन कप्प्यांत का ठेवावा?

त्या दिवशी वर्गात आम्ही फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, उर्दूत ईमान, मराठीत इमान. मुलांना सांगितले, दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मुलीने विचारले, "मग सर, परीक्षेत कुठला अर्थ लिहायचा?" आम्ही म्हणालो, "परीक्षेत पुस्तकातला लिही. बाजारात मात्र दोन्ही लागतील."