जलमंदिरांची सत्ता आणि पाहुण्यांची वर्दळ

देवस्थान आणि शेती यांचे नाते गोमंतकीय वाचकांस नव्याने सांगावयास नको. येथील गावकारीने देवकार्य, बांध आणि खाजन यांची चिंता पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच वाहिली. म्हणूनच बाली बेटातील हिंदूंच्या जलमंदिरांवर जे. स्टीफन लान्सिंग यांनी लिहिलेला ‘प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स’ (१९९१) हा ग्रंथ आपण आस्थेने वाचावा.

ग्रंथाचे प्रतिपादन असे: बालीतील शेतकऱ्यांचे ‘सुबक’ नावाचे संघ लावणीची वेळ जलमंदिरांच्या आश्रयाने ठरवितात. सर्वांनी एकदम लावणी केली, तर पाणी अपुरे पडते. ज्याने त्याने मनास येईल तेव्हा केली, तर किडीस बारमाही अन्न मिळते. या दोहोंचा मेळ मंदिरे घालतात. १९७० नंतरच्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणाने पिकांमागून पिके घेण्याचा आग्रह धरला. मंदिरांचे वेळापत्रक मोडले आणि टंचाई व कीड दोन्ही ओढवली. लान्सिंग यांनी जेम्स क्रेमर यांच्या साहाय्याने १७२ सुबकांचे संगणकीय प्रतिरूप रचून जुन्या रीतीतील शहाणपण सिद्ध केले. श्रद्धेस भाबडी न म्हणता, तिची आरतीही न ओवाळता तिचे कार्य उलगडणे, हे या ग्रंथाचे यश होय.

तथापि एक उणीव जाणवते. ग्रंथातील संकट सरकारी योजनेतून येते. पर्यटन त्याच्या विचाराच्या केंद्रस्थानी नाही. किडीवर लावणीची तिथी बदलून उपाय करता येतो. भातखाचर विकले जाऊन तेथे अतिथिगृह उभे राहिले, तर कोणती तिथी कामास येणार? सुबकाची मूळ सत्ता पाण्यावर. जमीन विकणारा ज्याचा तो मालक. २०१२ साली युनेस्कोने सुबक व्यवस्थेस, तिच्या ‘त्रिहितकरण’ तत्त्वासह, जागतिक वारशाचा मान दिला; त्या मानानेच जतिलुविहच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांकडे प्रेक्षकांची पावले अधिक वळविली.

पाहुणे मात्र चंचल. २००२ च्या कुटा येथील बाँबस्फोटांत २०२ माणसे मेली आणि पर्यटन कोसळले. २०२० च्या महामारीत ते जवळजवळ थांबले, तेव्हा कित्येकांनी पुन्हा शेताचा आधार घेतला. पडत्या काळात तारणारी जमीनच चढत्या काळात विकली जाते, हा खरा पेच.

मंदिराची सत्ता टिकते ती त्याच्या हाती काम असते म्हणून. पाणी वाटण्याचे काम गेले, की मागे उत्सव तेवढा उरतो. आणि उत्सवास तिकीट लावणे फारसे कठीण नसते.