बोरूची धार आणि बोदोनीची सावली

भिलाईतल्या मराठी लग्नपत्रिकांवर अक्षरांची दोन घराणी शेजारी नांदतात. वधूवरांची रोमन आद्याक्षरे बोदोनी किंवा दिदो वळणाची असतात: उभी रेघ भरदार, आडवी जेमतेम दिसेल इतकी बारीक. त्याखालचे ‘शुभविवाह’ मात्र कृतिदेवमध्ये, म्हणजे ज्या अक्षरांत इथल्या कचेऱ्यांचे अर्ज आणि परिपत्रके टाइप झाली त्याच अक्षरांत. सराफाची जाहिरात असो की मोठ्या हॉटेलचे मेन्यूकार्ड, वाटणी हीच. नजाकत इंग्रजीकडे, मजकूर देवनागरीकडे. ही वाटणी मला मान्य नाही, आणि ती अटळ आहे असेही वाटत नाही.

छापील अक्षरे घडवणारे बोदोनी (१७४०–१८१३) पार्मात आणि दिदो घराणे पॅरिसमध्ये काम करत होते तेव्हा गुळगुळीत कागद मिळू लागला होता आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या अक्षरांची गोडी लोकांना लागली होती. त्यांनी जाड-बारीकचा फरक टोकाला नेला. पुढे फॅशनच्या मासिकांनी तो आपलासा केला. १९९२मध्ये ‘हार्पर्स बझार’चे रूप पालटले, त्यासाठी जोनाथन हेफ्लर यांनी दिदो नव्याने रेखाटला, आणि तोही सात मापांसाठी सात प्रकारे. मथळ्यात शोभणारी बारीक रेघ लहान मापात तुटते, हे त्यामागचे साधे कारण. आपल्याकडे अशी मेहनत घेतलेला देवनागरी टाइप शोधायला गेलो तर हात रिकामेच राहतात.

पण नुसती नक्कल करूनही भागणार नाही, कारण आपल्या लिपीतली जाडी वेगळ्या वाटेने येते. रोमन लिपीचा टाक आणि आपला बोरू यांची छाटणी उलट दिशांची. रोमन अक्षरात वरून उजवीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ जाड होते; देवनागरीत तीच बारीक होते, आणि वरून डावीकडे खाली येणारी जाड. शिरोरेघ आणि काना साधारण सारख्याच जाडीचे राहतात. बोदोनीचे गणित या लिपीवर तसेच लादले की प्रत्येक काना फुगतो आणि शिरोरेघ सुतासारखी उरते. ‘मामाचा’ एवढ्याशा शब्दात सहा उभ्या रेघा आहेत. त्या सगळ्या काळ्याकुट्ट केल्या तर वाचकाला आधी त्या रेघाच दिसतात, शब्द नंतर. उलट शिरोरेघ जाड ठेवली तर मथळ्यावर काळी पट्टी ओढल्यासारखे होते. शिवाय आपल्याकडे कॅपिटल अक्षरे नाहीत. मथळ्याचा रुबाब आकार, जाडी आणि या जाड-बारीकच्या खेळातूनच उभा करावा लागतो. त्यात ‘ष्ट्र’सारखी जोडाक्षरे खाली उतरतात, वेलांटी, रफार आणि अनुस्वार वर चढतात.

हे कोडे आपल्या कारागिरांनी एकदा सोडवले होते. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणूजी रावजी आरू यांच्या हाताने घडलेल्या त्यांच्या टायपांत बोरूची तिरकी धार स्पष्ट दिसते. ‘क’चे पोट भरून येते, ‘ळ’ची गाठ मोकळी राहते, आणि पान मात्र शांत असते. जुनी संस्कृत पुस्तके अजूनही डोळ्यांना सुखावतात ती यामुळे. नंतर यंत्राच्या सोयीसाठी अक्षरे छाटली गेली, वर्तमानपत्री कागदासाठी बारीक रेघा जाडावल्या. र. कृ. जोशींचा ‘मंगल’ संगणकाच्या तेव्हाच्या भरड पडद्यावर वाचता यावा म्हणून घडला, आणि ते काम त्याने चोख केले. त्याला रेशमी मथळ्यावर बसवतो तो दोष आपला.

मधल्या काळात नजाकत टायपातून हातात गेली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत एकेका शीर्षकाला स्वतःचे शरीर दिले. पण त्यांची अक्षरे त्या त्या शीर्षकापुरतीच होती. कळफलकावर ती कुणाला टाइप करता येत नाहीत.

अलीकडच्या वर्षांत हालचाल दिसते. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा जाड-बारीकचा धीट प्रयोग. पोस्टरवर तो गाजतो. पण त्याची ऐट वजनाची आहे, आणि अत्तराच्या कुपीवर ती जड वाटते. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ आणि लोकल स्थानकांच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला ‘यात्रा वन’ यांचा स्वभाव निराळा, तरी ‘यात्रा’तली कुंचल्याची तिरकी छाट मला बोरूच्या अधिक जवळची वाटते. सर्वांत आश्वासक आहे तो ‘टिरो’ या संस्थेचा देवनागरी टाइप. निर्णयसागरच्या वळणाशी त्याचे नाते आहे आणि मराठीसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. पण मुळात तो पुस्तकाच्या मजकुरासाठीचा. सत्तर पॉइंटच्या मथळ्यात त्याची शालीनता थोडी भिडस्त वाटते.

मराठीसाठी वेगळी आवृत्ती ही गोष्ट भिलाईत विशेष कळते. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला आहे. इथला डीटीपीवाला हिंदी वळणाचेच टाकतो, कारण त्याच्या फॉन्टमध्ये तेवढेच आहेत. मराठी घरातल्या माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. या भागात दोन भाषा एकाच लिपीत शेजारी राहत आल्या आहेत. मथळ्याच्या नव्या टायपात दोन्ही वळणे हवीत, त्यांची बारीक रेघ तीन-चार मापांसाठी वेगवेगळी रेखाटलेली हवी, आणि जाडी बोरूच्या दिशेने यायला हवी. तो रेखाटणाऱ्याने चाचणीसाठी आधी ‘लक्ष्मी’ आणि ‘शुभविवाह’ हे दोन शब्द घ्यावेत. त्यांत ‘ल’ आणि ‘श’ दोन्ही येतात, आणि ‘शुभविवाह’ तर पत्रिकेवर मोठ्या अक्षरांत छापला जातो.