ईवार आणि रक्तगरुड

'बिनहाडाचा' ईवार म्हटला की आपल्याला आधी आठवतो तो 'रक्तगरुड'. नॉर्थम्ब्रियाचा राजा एल्ला याची म्हणे पाठ चिरली, फासळ्या मागे उलगडल्या, फुप्फुसं बाहेर काढली. 'व्हायकिंग्ज' मालिकेपासून तर हे इतिहासासारखंच सांगितलं जातं.

पुरावा बघू या. एल्ला ८६७ साली यॉर्कच्या लढाईत पडला. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल साधारण पंचवीस वर्षांनी संकलित झालं, तेही व्हायकिंगांशी झुंजणाऱ्या आल्फ्रेडच्या राज्यात. शत्रूचं क्रौर्य रंगवायला याहून चांगली संधी कुठली? तरी तिथे एवढंच: दोन्ही राजे मारले गेले. गरुड उगवतो तो दीडएकशे वर्षांनी, सिग्वात या दरबारी कवीच्या कडव्यात. रोबर्टा फ्रँक या विदुषींनी १९८४ साली मांडलं की तिथला गरुड म्हणजे रणांगणावर प्रेताची पाठ फाडणारा खराखुरा पक्षी. सगळ्यांना हे मान्य नाही. आम्हाला पटतं, कारण फासळ्या आणि फुप्फुसं त्यानंतरच्या गाथांतच येतात. घटनेपासून जितकं दूर, तितका तपशील जास्त. साक्षीदार असा वागला तर आपण त्याला उलटतपासणीला घेऊ, नाही का?

आणि या गरुडामागे काय झाकलं जातं? अल्स्टरच्या वार्षिक नोंदींत ८७१ साली इमार (बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच ईवार) दोनशे जहाजं घेऊन डब्लिनला परतला, अशी नोंद आहे. जहाजांत होते अँगल, ब्रिटन आणि पिक्ट बंदिवान. त्यांच्यासाठी मात्र कुणी गाथा रचली नाही.